रुईतले उंदीर

८ ऑक्टोबर, मंगळवार

रुईच्या गठ्ठ्यावर लेंड्या सापडल्या. ताज्या. म्हणजे आले.

दरवर्षीच येतात. आमच्या गल्लीमागे मोकळा प्लॉट आहे आणि त्याच्या मागे सोयाबीनचं शेत. सोयाबीन सोंगून शेत रिकामं झालं की शेतातल्या उंदरांना आडोसाही राहत नाही आणि खायलाही उरत नाही, मग ते घरं शोधत निघतात. बाकीच्यांकडे त्यांना दाणे मिळतात, आमच्याकडे गादी मिळते. आमचा धंदाच तो. राजापेठेत आमचं गादीघर आहे. कापसाची रुई पिंजायचं मशीन तिथे असतं, आणि ते सगळं माझ्या लेकाचे, शाकीबचे अब्बू पाहतात, म्हणजे माझे यजमान, फारुख. रजया भरायचं, टाके घालायचं काम मी घरी करते. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंत पुढची खोली रुईनं भरलेली असते. उंदरीण बाळंत व्हायला याहून चांगली जागा अख्ख्या अमरावतीत नसेल.

यंदा जीवाला घोर जास्त आहे. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे मुलीचं लग्न आहे, तुळशीची लग्नं लागली की लगेच. गाद्या, रजया, लोड, तक्के, सगळं आमच्याकडे दिलंय. सॅटिनचं कापड त्यांनीच आणून दिलं. ते कुरतडलं तर तसं दुसरं मिळायचं नाही, आणि नवरीच्या रजईला भोक म्हणजे लोक अपशकुन धरतात. शाकीबचे अब्बू म्हणाले, "ह्या ऑर्डरमध्ये काही झालं ना, त समज त्या तालुक्यातून आपलं नाव गेलं."

उद्यापासून भोकं बुजवायची.

९ ऑक्टोबर, बुधवार

मोरीच्या पाइपाला जाळी बसवली. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी मारली. ओट्याखालच्या बिळात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि वरून सिमेंट लावलं, त्यात फुटक्या बांगड्यांच्या काचा टोचल्या. काचेला उंदीर तोंड लावत नाही, हे मला माझ्या सासूनं शिकवलं. कंबर मोडली.

एकच भोक ठेवलं, झरोका. आमची आणि बेबीताईंची भिंत सामाईक आहे. घर बांधताना कोणीतरी तिच्यात दोन विटांएवढी जागा हवेसाठी सोडली होती. हवा कधी आली नाही, बाकी सगळं आलं. तिकडून पालक येतो, सांभाराची हिरवी जुडी येते, इकडून शेवया जातात, ईदेला शीरखुर्मा जातो. लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात भाजी आली ती त्यातूनच. मी त्याला झरोका म्हणते, बेबीताई सरळ भोक म्हणतात. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मालक वारलेले, एकुलता एक मुलगा जीवन अकोल्याला. गावाबाहेरच्या वाडीत भाजी लावतात आणि बाजारात बसून विकतात. दुपारी घरी आल्या की आमच्या गप्पा, त्या तिकडे भाजी निवडत आणि मी इकडे टाके घालत. बसल्या जागेवरून तोंड दिसत नाही, त्यामुळे बोलणं उलट मोकळं होतं.

झरोका बुजवला तर दिवसभर मी काय रजईशी बोलू? झोपताना फळी लावत जाईन, बस.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. बेबीताईंनी झरोक्यातून सोनं दिलं. मी म्हटलं, "ताई, यंदा उंदरं लवकर आले. औषध टाकावं म्हणते."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "त्याले समजते."

त्यांच्या घरात उंदराचं नाव घेत नाहीत, मामा म्हणतात. बेत मोठ्यानं बोलला की मामा ऐकतो आणि पिंजऱ्याकडे फिरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय गणपतीचं वाहन, म्हणून विष घालत नाहीत. त्यांच्या शेजारी राहून मीही इतक्या वर्षांत कधी घातलं नाही. थोडं त्यांच्यासाठी, आणि थोडं यासाठी की विष खाल्लेला उंदीर रुईत जाऊन मरतो आणि मग अख्खी गादी फेकावी लागते.

मग पिंजराच लावला. पोळीचा तुकडा लावला तर ढुंकून पाहिलं नाही, भजं लावलं तर संध्याकाळी आत. आमच्या गावचे उंदीरही भज्याचेच. शाकीबचे अब्बू पिंजरा स्कूटरवर घेऊन गेले, म्हणाले बडनेऱ्याच्या रस्त्याला सोडून येतो. माझा त्यांच्यावर भरवसा आहे, पण त्यांच्या कंटाळ्यावर जास्त आहे. म्हणून निघायच्या आधी मी उंदराच्या शेपटीला कपड्यांची नीळ लावून ठेवली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बेबीताईंनी आपला पिंजरा झरोक्यासमोर धरला. "पाह्य व, हा कोणता जातीचा हाय? शेपूट निळं हाय याचं."

मी शाकीबच्या अब्बूंना धरलं. आधी म्हणाले की उंदीर चालत आला असेल. मग कबूल झाले. चौकात पानठेल्यावर थांबले, पान लावेपर्यंत पिंजरा तिथेच उघडला आणि परत आले. बेबीताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "फारुखभाऊनं मामाले चौक फिरवून आणला." आणि मग त्याच म्हणाल्या की आपला पकडलेला त्या मागच्या प्लॉटात सोडतात. म्हणजे इतके दिवस त्यांचे आमच्याकडे आणि आमचे त्यांच्याकडे. हसून हसून माझा टाका चुकला, उसवावा लागला.

आता शाकीबचे अब्बू खरंच दूर जाऊन सोडतात. मी विचारत नाही, स्कूटरचा काटा पाहते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बेबीताईंनी धान्याची कोठी भंगारवाल्याला देऊन टाकली. मी विचारलं, काहून? म्हणाल्या, "मामा शिरते तिच्यात." लोखंडाच्या कोठीत उंदीर कसा शिरेल? पण बाईपुढे बोलायची सोय नाही. दिवाळीची साफसफाई त्यांनी यंदा भलतीच मनावर घेतलीय. माळ्यावरची मोठी पितळी भांडीही काढली. त्यातले दोन गंज मला देत होत्या, मी नको म्हटलं, मला ठेवायला जागा कुठे आहे.

वाडीत मेथी टाकली का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाल्या. दसरा झाला आणि बेबीताईंची मेथी जमिनीत नाही, असं मी कधी पाहिलं नाही. गुडघे दुखत असतील.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज भांडण झालं.

सकाळी जीवन अकोल्याहून आला होता. सोबत एक माणूस, हातात टेप. दोघं भिंती मोजत होते, छत पाहत होते. मी झरोक्यातून नमस्कार केला, जीवन म्हणाला, "कशा हाय चाची?" आणि लगेच मान खाली घातली. तो माणूस उंदीर-वाळवीचं औषध मारणारा असावा. आजकाल ते लोकही खोल्या मोजून भाव सांगतात. मला बरं वाटलं, म्हटलं चला, त्या बाजूनंही बंदोबस्त होतोय.

ते गेले आणि बेबीताई म्हणाल्या, "बिल्कीस, हे भोक बुजवून टाकू आता."

मला वाटलं चेष्टा करतात. तर नाही. म्हणाल्या, मामा इथूनच येतो-जातो, दोन घरांत उघडी वाट ठेवून बाकीची भोकं बुजवण्यात काय अर्थ? मी म्हटलं, मी रोज फळी लावते. "फळीनं काय होते? तुह्या घरात हे एवढी रुई."

माझ्या रुईवर आल्या. मीही बोलले. म्हटलं, उंदीर रुई खात नाहीत ताई, कांदे-लसणाच्या मागे येतात, आणि ते कोणाच्या घरात आहेत ते गल्लीला माहीत आहे. चोराच्या उलट्या बोंबा, असंही म्हटलं. ते म्हणायला नको होतं. त्यांनी तिकडून कापडाचा बोळा लावला.

माझं काही चुकलं नाही. सरळ सांगायचं ना, की तुमच्या रुईचा त्रास होतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

जे व्हायला नको ते झालं. रजईच्या राणी रंगाच्या सॅटिनला कोपऱ्यात भोक. करंगळीएवढं, पण भोक ते भोक. कापड घडी करून ठेवलं होतं, अजून भरलं नव्हतं, म्हणून वाचले. कोपरा आत दुमडून शिवला. रजई चार बोटं लहान होईल, नवरी काही मोजायला बसणार नाही.

मी खूप रडले. शाकीबचे अब्बू म्हणाले, "झरोका बुजवून टाक, बात खतम. तुम्हा दोघीचं काय चाललं हाय कोणास ठाऊक." मी म्हटलं, मरेन पण बुजवणार नाही. ती बाई म्हणते म्हणून तर मुळीच नाही. बुजवला की मग तिचंच खरं झालं.

बाजारातून चिकट पुठ्ठे आणले. एक रुईजवळ, एक ओट्याखाली, एक झरोक्यात. बोळा तर मामा केव्हाच ओढून नेतील, मग चिकटू दे तिथेच. दिवसाही काढत नाही. कोण हात घालणार आहे तिथे आता?

२६ ऑक्टोबर, शनिवार

जीवन दुकानात येऊन एक गादी आणि एक रजई सांगून गेला. गादी अरुंद, एका माणसाची. अकोल्याला न्यायची म्हणाला. शाकीबच्या अब्बूंनी विचारलंही नाही कोणासाठी. त्याच्या लेकरासाठी असेल, लेकरू आता शाळेत जाऊ लागलं. पण लेकराला इतकी लांब गादी?

मी जुनीच रुई पिंजून भरायला घेतली. त्या बाईच्या घरच्यांसाठी नवी कशाला काढू? माझा राग अजून आहे, लपवत नाही.

दुपारची वेळ जात नाही. रेडिओ लावला होता, बंद केला.

३० ऑक्टोबर, बुधवार

दुपारी मी त्याच गादीला टाके घालत होते. झरोक्यात भांडं आदळल्याचा आवाज झाला आणि मग बेबीताई, "बिल्कीस, हे काय ठेवलं व?"

जाऊन पाहते तर झरोक्यातून हात आलेला, कोपरापर्यंत, आणि तळहात पुठ्ठ्याला चिकटलेला. वाटी कलंडलेली, चकल्या पुठ्ठ्यावर चिकटून बसलेल्या. हिरव्या बांगड्याही त्यात.

"मामासाठी होतं," मी म्हटलं.

"मंग मी काय तुह्या मामीवानी दिसतो?"

हात ओढू नका म्हटलं, कातडी निघेल. गोडंतेल आणलं, झरोक्याखाली डबा ठेवून त्यावर बसले, आणि एकेक बोट तेल लावून सोडवायला लागले. हात खरखरीत, नखांत माती. तोंड दिसत नव्हतं. अंगठा सुटला, करंगळी सुटली. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "जीवननं घर देऊन टाकलं."

मला वाटलं भाड्यानं. म्हटलं, कोणाले?

"इकलं. दिवाळी झाली की मी अकोल्याले चालली. माह्यानं आता वाडीत वाकवत नाही, बाजारात बसवत नाही. पोरगा म्हणे, आई, किती दिवस एकटी राहशीन."

टेपवाला, कोठी, मेथी, ती अरुंद गादी. सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मी उंदीर पाहत बसले. मी म्हटलं, "मले आधी काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं त तू नोका जाऊ म्हणली असती. तू म्हणली असती त मी गेली नसती."

खरंच म्हटलं असतं.

"आन् मंग भोक काहून बुजवा म्हटलं तुमी? माह्या रुईवर काहून आल्या?"

"दुसरं काय सांगू? मामाचंच नाव पुढं करा लागलं." त्यांनी बोटं हलवून पाहिली. "इथं उद्या कोण येईन, कसा येईन, मले काय माहीत? तुह्या घरात तो डोळा लावून बसन त? नाहीतर आल्याबरोबर गवंडी आणून दणादण बुजवन, तुले न इचारता. आपलं भोक हाय. आपल्या हातानं बुजू."

मी तेल चोळत राहिले. सरस केव्हाच निघाला होता. त्यांनीही हात काढून घेतला नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पहिलं काम, त्या गादीचे टाके उसवले. जुनी रुई काढली, नवी भरली, ऑर्डरसाठी ठेवली होती त्यातली. शाकीबच्या अब्बूंनी पाहिलं. ऑर्डरला कमी पडली तर ते पाहून घेतील.

मग झरोका बुजवला. तिकडून त्यांनी विटा बसवल्या, इकडून मी सिमेंट लावलं. कालवलं मीच, त्यांना प्रमाण जमत नाही, पाणी जास्त करतात. वीट बसवताना त्या सूचना देत होत्या आणि मी ऐकत नव्हते. काचा टोचल्या. शेवटची वीट बसली तेव्हा लक्षात आलं की आळीपाळीनं वापरत होतो ती माझी थापी तिकडेच राहिली.

थापी द्यायला बेबीताई गल्लीतून फिरून पुढच्या दारानं आल्या. चपला बाहेर काढल्या, पदर नीट केला. मी घाईनं खुर्ची पुसून दिली. त्या बसल्या, मी पाणी दिलं. समोरासमोर बसून गप्पा मारायची आम्हाला सवयच नाही. "ओलं हाय, हात लावू नको," एवढं बोलून त्या गेल्या.

तिकडे काही पडलं की पूर्वी कळायचं. आता कळत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बेबीताई गेल्या. टेम्पो लहान होता, सामानही थोडंच. गादी मी स्वतः ठेवली, वर चादर घातली. त्यांनी हातानं दाबून पाहिली. इतकी वर्षं गादीवाल्याच्या शेजारी राहिल्या, रुई नवी की जुनी हे त्यांना हाताला कळतं. म्हणाल्या, "नवी काहून भरली व? ऑर्डरले पुरन का?" मी म्हटलं पुरेल. पुरणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यांचा पिंजरा माझ्याकडे देऊन गेल्या. जीवन म्हणाला, "चाची, अकोला काही दूर नाही, या ना." तसं पाहिलं तर दूर नाहीच. पण अकोल्याला जायला काम लागतं, झरोक्याशी जायला लागत नव्हतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

शेंदूरजनाघाटची ऑर्डर गेली. रुई कमी पडली, शाकीबच्या अब्बूंनी दुकानातली घातली. व्यापाऱ्यानं प्रत्येक रजई उलगडून पाहिली, राणी रंगाचीही. काही म्हणाला नाही, उलट अजून दोन घरचं काम देतो म्हणाला.

झरोका बुजवल्यापासून घरात एक लेंडी नाही. पिंजरे रिकामे. बेबीताईंचं खरं होतं, वाट तीच होती. कुठून येतात ते मला इतकी वर्षं माहीत होतं, हेही आता लिहून टाकते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारी नवे लोक आले. बाई तरुण आहे, रूपाली नाव. नवरा नोकरीत, लेकरू कडेवर. स्वभावानं बरी वाटली. पुढच्या दारानं आली, हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली होती, मग माझं नाव कळल्यावर थोडी गोंधळली. मी वाटी घेतली, तिला बसवलं, चहा दिला.

इकडे तिकडे पाहता पाहता तिची नजर भिंतीवर गेली. सिमेंटचा रंग अजून वेगळा दिसतो. म्हणाली, "आमच्याकडूनही तसंच दिसते काकू. काय होतं तिथं?"

मी म्हटलं, "उंदरं येत होते तिथून."

"मंग बरं केलं बुजवलं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ती गेल्यावर दार लावलं आणि खूप रडले. समोर नवी रुई उघडी पडली होती, ती भिजली की गोळे होतात, म्हणून लांब, ओट्याजवळ जाऊन बसले.